तळ्यावर उतरणारे विमान

बंगळूरच्या बसवनगुडीत राहायला आल्यापासून सकाळी फिरायला जाण्याचा माझा एक ठराविक रस्ता झाला आहे. गांधी बाजारातून निघायचे, मोठ्या बसवण्णाच्या देवळावरून ब्यूगल रॉकपर्यंत जायचे आणि परतताना वेळ असेल तर लालबागेच्या तळ्याला एक फेरी मारायची. हे दोन-तीन किलोमीटर चालताना आपण एक पाणलोटाची धार ओलांडतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. बसवनगुडीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावती नदीत जातो, तिथून अर्कावतीत आणि शेवटी कावेरीला मिळतो. वृषभावतीचा उगम बसवण्णाच्या पायाशी आहे असे इथले जुने लोक मानतात. लालबागेच्या तळ्यात पडलेला पाऊस मात्र पूर्वेकडे कोरमंगल-चळ्ळघट्टच्या खोऱ्याने बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरतो, तिथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीत जातो.

हे बेळ्ळंदूर आज सर्वांना माहीत आहे ते फेसासाठी आणि आगीसाठी. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच तळ्यावर विमाने उतरत असत. आपण प्रशासनातली माणसे विमानतळ म्हटले की जमीन, भूसंपादन, कुंपण आणि धावपट्टी यांचाच विचार करतो. ज्या विमानतळाची धावपट्टी पाण्याची आहे, त्याची देखभाल कोण करते आणि ती न झाल्यास काय होते, हा प्रश्न मला एका फाईलमुळे पडला. त्या फाईलकडे मी शेवटी येणार आहे. आधी इतिहास पाहू.

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद १९३९ साली अमेरिकेहून परतत असताना प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने तयार करण्याचा कारखाना चालवीत. योगायोग असा की हा प्रवास पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानातला होता, आणि क्लिपर म्हणजे पाण्यावर उतरणारी उडती बोटच. त्या भेटीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि भांडवलही घातले; दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. पुढे भारत सरकार भागीदार झाले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचल्यावर सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे सोपविला. विमाने बनविण्यासाठी निघालेला कारखाना विमाने दुरुस्त करण्याच्या कामाला लागला.

दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत कॅटालिना होती. पंखांचा विस्तार सुमारे ३२ मीटर, दोन इंजिने आणि नावेसारखे पोट असलेले हे विमान बंगालच्या उपसागरावर व हिंदी महासागरावर तासन् तास गस्त घालीत असे. मद्रासजवळच्या रेड हिल्स तळ्यावर आणि सिंहलद्वीपातील कोग्गला सरोवरावर त्यांचे तळ होते. एप्रिल १९४२ मध्ये सिंहलद्वीपाकडे येणारे जपानी आरमार प्रथम दिसले ते कोग्गलाहून उडालेल्या एका कॅटालिनालाच. कॅटालिनाच्या काही नमुन्यांना चाके होती, काहींना नव्हती. चाके नसलेल्या विमानाला कारखान्याजवळ पाणी हवेच, आणि बेळ्ळंदूर हे शहराजवळचे सर्वांत मोठे तळे कारखान्याच्या अगदी शेजारी होते. अशा रीतीने शेतीसाठी बांधलेला एक गावतलाव युद्धकाळात विमानतळाचे काम करू लागला.

हा प्रकार भारतात नवा नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्याची हवाई टपाल योजना हिंदुस्थानपर्यंत आली आणि इम्पीरियल एअरवेजच्या मोठ्या उडत्या बोटी कराचीहून कलकत्त्याला जाऊ लागल्या. वाटेत समुद्र नाही, म्हणून त्या तळ्यातळ्यांवरून जात : मेवाडातील राजसमंद, मग ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानातील माधोसागर, मग अलाहाबादला नदी आणि शेवटी हुगळी. राजसमंद महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात बांधविला. दुष्काळात रयतेला काम मिळावे हा त्याचा एक हेतू होता. दुष्काळी कामावर खणलेल्या तळ्यात अडीचशे वर्षांनी लंडनचे टपाल उतरू लागले.

उडत्या बोटींच्या बाजूने जो युक्तिवाद केला गेला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. धावपट्टी बांधायला खर्च येतो; पाणी तर देवाने फुकट दिले आहे. साम्राज्याच्या वाटेवर जागोजागी विमानतळ बांधण्यापेक्षा असलेल्या पाण्याचा उपयोग करावा. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण ज्या वस्तूला किंमत नाही, तिच्या देखभालीचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात येत नाही, हेही अर्थशास्त्रच सांगते. तळ्यावर विमान उतरविण्यातले धोके एकेक करून पाहिले तर हा न मांडलेला खर्च स्पष्ट दिसू लागतो.

पाण्यावर उतरणारी विमाने मुख्यतः दोन प्रकारची. ज्याचे पोटच नावेसारखे असते ती उडती बोट. आणि साध्या विमानाला चाकांऐवजी दोन लांब पोकळ फ्लोट लावले की ते फ्लोटचे विमान. दोन्हींपैकी कोणालाही चाके जोडली की ते उभयचर होते. धोके थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

पहिला धोका ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. वैमानिकाला खवळलेल्या पाण्याची भीती वाटणे आपण समजू शकतो; पण अनुभवी वैमानिक आरशासारख्या शांत पाण्यालाही तितकेच भितात. वारा पडलेला असतो, पाण्यात आकाश आणि काठावरची झाडे जशीच्या तशी उमटलेली असतात. पाण्याचा पृष्ठभाग नेमका कोठे आहे हे डोळ्यांना कळत नाही. आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, याचा अंदाज हमखास चुकतो. कोणी फार वर असतानाच नाक उचलतो आणि विमान दगडासारखे खाली येते. कोणी नाक उचलतच नाही आणि सरळ पाण्यात घुसतो. यावरचा उपाय असा की पृष्ठभाग शोधण्याचा प्रयत्नच करावयाचा नाही. नाक किंचित वर ठेवून, इंजिन चालू ठेवून, मिनिटाला सुमारे दीडशे फूट इतक्या मंद गतीने उतरत राहावयाचे आणि पाणी आपणहून लागेपर्यंत थांबावयाचे. शक्य तो काठाजवळून उतरावयाचे, म्हणजे झाडेझुडपे पाहून उंचीचा अंदाज येतो. पण इतक्या सावकाश उतरायला लांबी फार लागते. नकाशावर पुरेसे वाटणारे तळे वारा पडलेल्या दिवशी अपुरे पडते.

दुसरा धोका पाण्यातल्या वस्तूंचा. टेकण्याच्या क्षणी विमानाचा वेग मोटारीच्या महामार्गावरील वेगाइतका असतो. फ्लोटचा पत्रा पातळ असतो. अर्धवट बुडालेला ओंडका, एखादा खुंट, मासेमारीच्या जाळ्याचा दोर किंवा जलपर्णीचा वाहत आलेला पुंजका एवढेही फ्लोट फाटायला किंवा विमान एका बाजूला फिरायला पुरेसे होते. हे सर्व हवेतून नीट दिसत नाही. धावपट्टीवर पडलेला दगड उद्याही तेथेच सापडेल. पाण्यातला ओंडका सकाळी एका काठाला असतो आणि दुपारी मध्यावर.

तिसरा धोका वाऱ्याचा. तळ्यावर कोणत्याही दिशेने उतरता येते, म्हणून वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरावे, हा पाण्याचा मोठा फायदा सांगितला जातो. पण जलपर्णी, जाळी, बोटी आणि उथळ भाग वगळून शेवटी एकच अरुंद पट्टा मोकळा उरला, तर हा फायदा संपला. डोंगरांनी वेढलेल्या तळ्यावर वारा कडेकपारीवरून खाली कोसळतो आणि दर शंभर मीटरवर दिशा बदलतो. लाटा आल्या आणि विमान चुकीच्या कोनात टेकले की ते उड्या मारू लागते, आणि प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा उंच होत जाते. पाण्यावर ब्रेक नसतो, हेही विसरता कामा नये. इंजिन चालू आहे तोवर विमान पुढे सरकते आणि बंद केले की वारा नेईल तिकडे जाते.

चौथा धोका उभयचर विमानाचा आहे, आणि तो निव्वळ विसरण्याचा आहे. धावपट्टीवरून उडालेल्या वैमानिकाने चाके वर घेतली नाहीत आणि तो तशीच खाली ठेवून पाण्यावर उतरला, तर चाके पाण्यात रुततात आणि विमान क्षणात पालथे होते. आत माणसे पट्ट्याला उलटी लटकत असतात आणि पाणी भरत असते. म्हणूनच लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवू नये असे सांगतात. फुगवले तर ते माणसाला वर तरंगवत ठेवते आणि खालच्या दारापर्यंत जाऊ देत नाही. चांगले वैमानिक उतरण्यापूर्वी एकटे असले तरी मोठ्याने म्हणतात, “हे पाण्यावरचे उतरणे आहे, चाके वर आहेत.” कार्यालयात तपासणी सूचीवर न पाहता खुणा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

पाचवा धोका जमिनीवरच सुरू होतो. १७ मे १९४३ रोजी अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज हे प्रसिद्ध वैमानिक-उद्योगपती आपले सिकोर्स्की उभयचर विमान चाचणीसाठी लेक मीडवर उतरवीत होते. विमानातले वजन जसे विभागायला हवे होते तसे विभागले गेले नव्हते, ते पुढच्या बाजूला जास्त झाले होते. पाण्याला टेकताच विमान फिरले, मोडले आणि बुडाले. ह्यूज वाचले, दोन माणसे गेली. त्यांतला एक सरकारी निरीक्षक होता. वैमानिकाच्या कौशल्यात उणीव नव्हती. चूक उड्डाणापूर्वी, वजन लादताना झाली होती.

इम्पीरियल एअरवेजच्या इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. २७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांची ‘कॅलपर्निया’ खराब हवेत इराकच्या हब्बानिया सरोवरापाशी कोसळली. १२ जून १९३९ रोजी ‘सेंच्युरियन’ कलकत्त्याला हुगळीवर उतरताना कोसळून बुडाली. ही माणसे नवशिकी नव्हती आणि विमाने त्या काळची उत्तम होती.

आता या सर्व धोक्यांवर उपाय काय होता ते पाहिले म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. प्रत्येक मुक्कामाला कंपनीची एक लाँच असे. विमान येण्यापूर्वी ही लाँच ठरलेल्या पट्ट्यातून फेरी मारी, तरंगणारे ओंडके व कचरा दूर करी, होड्यांना बाजूला करी. पाणी आरशासारखे असेल तर लाँच मुद्दाम जोरात फिरवून पाण्यावर लाटा उठवीत, म्हणजे वैमानिकाला पृष्ठभाग दिसावा. रात्री उतरायचे असेल तर लहान होड्यांवर दिवे लावून त्यांची रांग पाण्यावर धरीत. म्हणजे विमान सुरक्षित उतरणे हे जितके वैमानिकाच्या हाती होते, तितकेच लाँचवरच्या खलाशाच्या हाती होते. पाण्याची धावपट्टी दररोज, प्रत्येक विमानासाठी, नव्याने तयार करावी लागत असे. ती फुकट कधीच नव्हती. युद्ध संपले तेव्हा जगभर लष्कराने बांधलेल्या काँक्रीटच्या धावपट्ट्या तयार होत्या. त्यांच्यापुढे हा रोजचा खर्च परवडेना आणि १९५० च्या अखेरीस ब्रिटिशांच्या बी.ओ.ए.सी. कंपनीने उडत्या बोटींची सेवा बंद केली.

बेळ्ळंदूरकडे परत येऊ. तिथे विमान उतरू शकले याचे श्रेय आपण लष्कराला देतो, आणि ते योग्यच आहे. युद्धकाळात हुकूम एकाचा चालतो. उतरण्याचा पट्टा मोकळा ठेवा म्हटले की तो मोकळा राहतो. पण लष्कराच्या हाती आले ते तळे मुळात चांगल्या स्थितीत होते. त्यात कारखान्यांचे पाणी नव्हते, शहराचा मैला नव्हता, जलपर्णीचा गालिचा नव्हता. म्हैसूरच्या गावांत नीरगंटी नावाचा माणूस असे. तळ्याच्या मोऱ्या उघडणे व बंद करणे आणि शेताशेताला पाळीपाळीने पाणी देणे हे त्याचे काम. मोबदल्यात त्याला गावाकडून धान्य मिळे. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी हेच काम करीत असे. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी गाळ काढून शेतात टाकीत, म्हणजे तळ्याची खोली टिके आणि शेताला खत मिळे. या सर्वांचा विमानांशी काडीमात्र संबंध नव्हता. तरीही कॅटालिनाला लागणारी खोली आणि स्वच्छ पाणी पुरविले ते पिढ्यान् पिढ्यांच्या या व्यवस्थेने. तिचा उल्लेख विमानविद्येच्या कोणत्याही इतिहासात सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बस स्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण, चळ्ळघट्टच्या जागी गोल्फचे मैदान. आमच्या बसवनगुडीतले कारंजी तळे तर नावापुरते उरले; कारंजी आंजनेयाचे देऊळ आहे, तळे नाही. वरची तळी गेली आणि त्यांना जोडणारे ओहोळ मैल्याची गटारे झाले. सर्वांत खाली बसलेल्या बेळ्ळंदूरला हे सारे मिळाले. मे २०१५, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तळ्याला आगी लागल्या. शेवटची आग विझवायला हजारो सैनिकांना बोलवावे लागले. मला ही गोष्ट फार लागली. ज्या तळ्यावर एके काळी युद्धातली विमाने उतरत, तिथे पंचाहत्तर वर्षांनी सैन्य आले ते तळ्याची आग विझवायला. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक शासनाला ५० कोटी रुपये भरावयास लावले.

या मधल्या काळात बेळ्ळंदूरला धनी नव्हता असे नाही. उलट धनी अनेक होते. तळ्याचा ताबा एका प्राधिकरणाकडे, मैलापाणी दुसऱ्या मंडळाकडे, प्रदूषणाची मोजणी तिसऱ्याकडे, काठावरच्या बांधकामाच्या परवानग्या चौथ्याकडे, मासेमारी पाचव्याकडे. प्रत्येकाकडे आपापल्या कामाची कागदपत्रे व्यवस्थित होती. तळे एकसंध असते आणि कागद विभागलेले असतात, एवढीच अडचण.

आता वर्तमानाकडे. गेल्या पंधरा वर्षांत ‘धावपट्टी लागत नाही’ हा १९३८ चाच युक्तिवाद आपल्याकडे नव्याने मांडला जात आहे. जून २०१३ मध्ये केरळात अष्टमुडी तलावावरून सी-प्लेनचा शुभारंभ झाला. ते अलप्पुळ्ळच्या पुन्नमडा तलावावर उतरावयाचे होते, पण तेथे मच्छिमार आपल्या होड्या घेऊन पाण्यात उभे राहिले आणि ती सेवा सुरू झालीच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्रात जुहू ते ॲम्बी व्हॅली हे उड्डाण झाले आणि पवना, मुळा, धोम अशा धरणांची नावे घेतली गेली. नियमित सेवा म्हणून ती टिकली नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया ही सेवा मोठ्या समारंभाने सुरू झाली. केवडियाच्या ज्या तळ्यावर विमान उतरावयाचे त्यात मगरी होत्या. त्या पकडून दुसरीकडे सोडण्याचे काम जानेवारी २०१९ पासून वनखात्याला करावे लागले. ती सेवा एप्रिल २०२१ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा ते श्रीशैलम आणि कोची ते मट्टुपेट्टी अशी प्रात्यक्षिके झाली. जलविमानतळांसाठी आता नियम आहेत, मार्गदर्शक सूचना आहेत. मी या कल्पनेच्या विरोधात नाही. बेटांना, दुर्गम भागांना, पुरात सापडलेल्या गावांना अशा विमानाचा उपयोग होऊ शकतो. माझे म्हणणे केवळ पाण्याच्या हिशेबाविषयी आहे.

आणि येथे ती फाईल येते. काही वर्षांपूर्वी एका राज्यातील एका धरणाच्या जलाशयावर विमान उतरविण्याचा प्रस्ताव माझ्यासमोर अभिप्रायासाठी आला. जागेचे नाव देण्याचे कारण नाही. प्रस्तावात उपग्रहाचे छायाचित्र होते, जलाशयाची लांबी-रुंदी होती, पर्यटकांचे अंदाज होते. छायाचित्र ऑक्टोबरातले होते. पाणी काठोकाठ भरलेले, निळेशार. मी आर्थिक बाजू तपासली, एक-दोन आकड्यांवर शंका काढल्या आणि ‘प्रथमदर्शनी व्यवहार्य’ असा शेरा मारून सही केली. सही करताना मनात काहीही खटकले नाही, हे मी कबूल करतो.

पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेलो होतो. वाकडी वाट करून जलाशय पाहायला गेलो. छायाचित्रातले निळे पाणी पार दूर, मध्यभागी सरकले होते. जिथे विमान टेकेल असे नकाशावर दाखविले होते, तिथे धरणात बुडालेल्या गावाचे अवशेष उघडे पडले होते : घरांची जोती, एका देवळाचा चौथरा, आणि वीस-पंचवीस झाडांचे काळे पडलेले खुंट, बहुधा एखाद्या आमराईचे. पावसाळ्यानंतर पाणी चढले की हे सारे झाकले जाई, पण सुरुवातीला ते पाण्याखाली किती खोल असेल? एक हात? दोन हात? विमानाला जेवढी खोली लागते त्याहून हे नक्कीच कमी होते. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वयस्कर मच्छिमाराला मी विचारले, हे खुंट तुम्हाला माहीत आहेत का? तो म्हणाला, “साहेब, प्रत्येक खुंटाला आमची जाळी फाटलीत. कुठे काय आहे ते आम्हाला अंधारातही कळतं. पण आम्हाला विचारलंय कुणी?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मलाच ओशाळल्यासारखे झाले. ज्या प्रस्तावावर मी सही केली होती त्याच्या पानांत पर्यटकांची संख्या दहा वर्षांपुढची होती, पण आदल्या उन्हाळ्यातली पाण्याची पातळी नव्हती. पाटबंधारे खात्याकडे ती दररोज लिहिली जाते. मागितली असती तर दोन दिवसांत मिळाली असती. मी मागितली नाही.

परत आल्यावर मी फाईल मागवून घेतली आणि आधीच्या शेऱ्याखाली एक पुरवणी टिपण जोडले. सही केल्यावर असे करणे आपल्याकडे शहाणपणाचे समजले जात नाही. एका सहकाऱ्याने सुचविले देखील, की आता तुम्ही स्वतःच स्वतःवर शेरा कशाला मारता? पुढे तो प्रस्ताव वेगळ्याच कारणाने मागे पडला. माझ्या टिपणाचा त्यात काही वाटा नव्हता. पण त्या टिपणात मी जे प्रश्न लिहिले होते ते येथे पुन्हा देतो, कारण ते कोणत्याही तळ्याला लागू पडतात.

१. मागील दहा वर्षांत प्रत्येक महिन्यात पाण्याची सर्वांत कमी पातळी किती होती, आणि त्या पातळीला नियोजित पट्ट्याखाली काय आहे?

२. पाणी केव्हा सोडावयाचे हे ठरविणारा अधिकारी कोण? विमानाचे वेळापत्रक आणि शेतीचे आवर्तन यांत विरोध आला तर कोणाचे चालेल, हे लेखी आहे काय?

३. विमान येण्यापूर्वी पट्टा कोण तपासील? त्याची बोट, त्याचा पगार, त्याची रजा-बदली कोणत्या शीर्षाखाली आहे? तो आला नाही तर विमान परत पाठविण्याचा अधिकार कोणाला?

४. तळ्यावर आज कोण जगते आहे? पट्टा मोकळा ठेवल्याने त्यांचे किती दिवसांचे उत्पन्न जाईल आणि ते कोण भरून देईल?

५. तळ्यात वरून काय वाहून येते, आणि ते थांबविण्याची जबाबदारी कोणाची?

यांतला चौथा प्रश्न दयाबुद्धीचा म्हणून घातलेला नाही. ज्याचे पोट तळ्यावर आहे त्यालाच तळ्याचा तळ माहीत असतो. केरळात मच्छिमार होड्या घेऊन उभे राहिले तेव्हा तो आपल्याला कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न वाटला. त्यांना सुरुवातीपासून लाँचवर घेतले असते, तर वैमानिकाला त्यांच्याइतका जाणकार वाटाड्या मिळाला नसता.

जमिनीवरची धावपट्टी एकदा बांधली की वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून आपली प्रशासकीय सवय ‘बांधकाम पूर्ण’ असा दाखला देण्याची आहे. पाण्याच्या बाबतीत असा दाखला कोणालाच देता येणार नाही. ते कालच्यासारखे आज नसते आणि सकाळच्यासारखे संध्याकाळी नसते. तेथे मंजुरीइतकेच महत्त्व राखणीला आहे, आणि आपल्या अंदाजपत्रकांत राखणीसाठी सर्वांत शेवटचा रकाना असतो.

काल सकाळी लालबागेच्या तळ्यापाशी थोडा वेळ थांबलो होतो. वारा अजिबात नव्हता. पाण्यात ढग आणि पलीकडची झाडे स्पष्ट दिसत होती. पाणी नेमके कोठे सुरू होते ते ओळखण्याचा प्रयत्न केला, पण काठावर उभे असूनही जमेना. मग पालिकेचा एक कामगार लहान बोटीतून तरंगणारा कचरा जाळीने काढीत आला, तिच्या लाटा पसरल्या, आणि पाणी दिसू लागले.